रुग्णाची फाईल ठेवायची कशी?

एरवी मी इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, ताप अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. सांगलीत आम्ही चौघं डॉक्टर मिळून एक २५ खाटांचं रुग्णालय चालवतो. तिथली कागदपत्रं सांभाळण्यासाठी संगणकावरची एखादी नीट व्यवस्था घ्यावी, म्हणून गेलं वर्षभर आम्ही सॉफ्टवेअरवाल्या कंपन्यांशी बोलत होतो. ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं, "त्यात एवढं काय निवडायचंय? चार जणांनी घेतलंय ते घ्या." काही डॉक्टर मित्रांचंही हेच मत पडलं. मला ते पटलं नाही. बिलाचं सॉफ्टवेअर असं निवडता येईल. रुग्णाची फाईल हा मात्र उपचाराचाच एक भाग असतो. ती कशी, हे आधी सांगतो.

समजा, रात्री दोन वाजता साठीतले एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले. ईसीजी काढला. त्यात 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक' दिसला. हृदयाच्या डाव्या कप्प्याकडे विजेचा संदेश नेणारी वाट बंद पडली, की संदेश वळसा घालून पोचतो आणि ईसीजीतल्या लाटा रुंद, वेड्यावाकड्या दिसतात. या लाटांमध्ये हार्ट अटॅकची नेहमीची खूण झाकली जाते. आता हा ब्लॉक आजचा की सहा वर्षांपूर्वीचा? आजचा असेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांचा विचार करावा लागतो. त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असला, तरी असतोच. अशा वेळी जुना ईसीजी हाताशी असला, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहता येतात. जुना ब्लॉक असलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो, त्यामुळे जुना कागद बघून कुणी निर्धास्त होत नाही. पण काय बदललं आणि काय तसंच आहे हे कळलं, की पुढचे ईसीजी आणि ट्रोपोनिनची तपासणी यांचा अर्थ लावणं सोपं जातं.

दुसरं उदाहरण मूत्रपिंडाचं. क्रिॲटिनिन २.४ आलं. चार महिन्यांपूर्वी ते १.० असेल, तर काहीतरी ताजं बिघडलंय. जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालं असेल, वेदनाशामक गोळ्या चालू असतील, लघवी अडली असेल. कारण सापडलं तर मूत्रपिंड बऱ्याचदा सावरतं. दोन वर्षं ते २.३ च्या आसपासच असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तपासणीचा आकडा एकच, पण आजार दोन. आणि कुठला आजार ते सांगतो जुना कागद.

तिसरं तर रोजचं आहे. "मला कुठल्यातरी इंजेक्शनने अंगावर गांध्या आल्या होत्या, डॉक्टर. तुमच्याकडंच झालं होतं." कुठलं इंजेक्शन? ते फक्त त्या वेळच्या इनडोअर पेपरवर असतं.

आता या कागदांचं आमच्याकडे काय होत होतं ते सांगतो. ओपीडीचे केस पेपर एका खोलीत, दाखल रुग्णांचे इनडोअर पेपर गठ्ठे बांधून दुसऱ्या खोलीत, एक्स-रे तिसरीकडे. पोलीस केसेसचं रजिस्टर वेगळं आणि कुलपात. संमतीपत्रं इनडोअर पेपरमध्येच. मेडिक्लेमच्या फायलींच्या प्रती बिलिंगच्या टेबलाखाली. सोनोग्राफीचे एफ फॉर्म रेडिऑलॉजिस्टच्या कपाटात. गठ्ठ्यांवर महिना आणि वर्ष लिहिलेलं. यात काही वावगं नाही, छोट्या रुग्णालयांमध्ये साधारण असंच असतं.

२००५ च्या पुरात तळमजल्यावर पाणी जिथवर आलं होतं, त्याच्या दीड हात वर आम्ही रॅक लावून घेतले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण मागे पडली. पाणी ओसरल्यावर आम्ही गठ्ठे उघडले तेव्हा एक गोष्ट दिसली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. साध्या बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता येत होतं. जेल पेनचं लिखाण धुऊन गेलं होतं. ईसीजीच्या चकचकीत पट्ट्या एकमेकींना चिकटून त्यांची पाटी झाली होती. कागद वाळवायला आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधल्या. जे वाचलं ते वाचलं.

तेव्हाच सगळ्यांनी सुचवलं की आता सगळं संगणकावर घ्या. मग कोविड आला आणि ते राहिलं. शेवटी गेल्या वर्षी आम्ही हे मनावर घेतलं.

कायदा काय सांगतो, हे बरेच जण विचारतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या नोंदी दोन वर्षं. गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय, ते इतर कागदांत मिसळायचं नाही. कोर्टात प्रकरण असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत काहीच टाकायचं नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली. तिच्यात तीन वर्षांत सगळ्या नोंदी संगणकावर आणा असं म्हटलं होतं, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. ही सगळी कायद्याची किमान मर्यादा आहे. वर सांगितलेला सहा वर्षांपूर्वीचा ईसीजी कायद्याप्रमाणे केव्हाच रद्दीत गेलेला चालतो, रुग्णाच्या दृष्टीने मात्र तोच लाखमोलाचा. त्यामुळे किती वर्षं ठेवायचं हे ठरवताना आम्ही कायद्याचं पुस्तक एकदा पाहिलं आणि मग बाजूला ठेवलं.

चार कंपन्यांचे लोक येऊन गेले. प्रत्येकाचा लॅपटॉप, प्रत्येकाचे रंगीत तक्ते. आज किती ओपीडी झाली, कुठल्या डॉक्टरची किती, औषधांच्या दुकानात किती विक्री. तक्ते छानच होते. फक्त रात्री दोन वाजता मला त्यांचा काही उपयोग नाही. तासभर ऐकल्यावर आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे. जुनी फाईल शोधून दाखवता का?" तो मुलगा म्हणाला, "हो मॅडम, नाव सांगा." मॅडम म्हणाल्या, "पाटील."

सांगलीत राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. पडद्यावर पाटलांची यादी सुरू झाली ती संपेचना. (ती त्यांची नमुन्याची यादी होती. आमची खरी यादी याहून लांब भरेल.)

इथे मला वैद्यकशास्त्राच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी लिहायचा. एकच रुग्ण तिघांकडे गेला तर त्याची माहिती तीन वह्यांत. १९०७ मध्ये तिथल्या हेन्री प्लमर या डॉक्टरने पद्धत बदलली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, त्या क्रमांकाचं एकच पाकीट, आणि त्याचं जे काही होईल ते सगळं त्या पाकिटात. आज हे अगदी साधं वाटतं. पण एवढ्या वर्षांनीही छोट्या रुग्णालयात एका माणसाचे तीन क्रमांक सर्रास आढळतात, कारण तो दर वेळी 'नवीन पेशंट' म्हणून नोंदवला जातो. मोबाइल नंबरावरून शोधावं, तर सगळ्या घराचा नंबर मुलाचाच. वयावरून शोधावं, तर आजी मागच्या वेळी ६५ च्या होत्या आणि आज ६० च्या. मुलीचं लग्नानंतर नाव, आडनाव दोन्ही बदलतं. अथणी, कागवाडकडून येणाऱ्या रुग्णांच्या नावात आडनाव आधी की नंतर हे काउंटरवरच्या मुलीला कळेलच असं नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंग. पवार कुणी 'व्ही' लावून लिहितो, कुणी 'डब्ल्यू' लावून.

आमच्याकडे रेकॉर्ड सांभाळणारे एक काका आहेत. बत्तीस वर्षं तेच काम करतात. निवडीच्या एका बैठकीला त्यांना मुद्दाम बोलावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, नाव नका विचारू. गाव विचारा. मग कुणी आणलं होतं ते विचारा." खरंच, ते फाईल याच पद्धतीने शोधतात. डिग्रजचे पाटील. कसबे डिग्रज की मौजे डिग्रज? गणपतीच्या आधी की नंतर? पुतण्या सोबत होता का? तीन प्रश्नांत गठ्ठा हातात. चारपैकी तीन सॉफ्टवेअरमध्ये गावासाठी जागाच नव्हती. 'सिटी' असा रकाना होता, त्यात सगळ्यांसमोर सांगली. गावावरून, दाखल झाल्याच्या अंदाजे महिन्यावरून आणि सोबतच्या नातेवाइकाच्या नावावरून शोध घेता आला पाहिजे, ही आमची पहिली अट ठरली. काकांनी सुचवलेली.

आता केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य योजनेत 'आभा' नावाचा १४ अंकी क्रमांक मिळतो. तो प्रत्येकाकडे असेल आणि बरोबर आणलेला असेल, तर यातल्या बऱ्याच अडचणी सुटतील. आम्ही तो नोंदवून घेतो. पण बेशुद्ध माणसाच्या खिशात १४ अंकी क्रमांक नसतो, गाव सांगणारा शेजारी मात्र असतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती जास्त धोक्याची. फाईल न सापडणं वाईटच, पण दुसऱ्याची फाईल सापडणं त्याहून वाईट. दोन सुनीता पाटील, दोघी तासगावच्या, दोघी पंचेचाळिशीच्या. एकीला सल्फाची ॲलर्जी, दुसरीला नाही. "एकसारख्या नोंदी आमचं सॉफ्टवेअर आपोआप एकत्र करतं," असं एका कंपनीचा माणूस अभिमानाने सांगत होता. आम्ही म्हटलं, आपोआप काही करू नका. दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटल्या तर दाखवा, जोडायच्या की नाही ते माणूस ठरवेल, आणि जोडल्या तर पुन्हा वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण विकणारे लोक तो धूसर ठेवतात. कागद स्कॅन करून ठेवणं आणि माहिती संगणकात भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. तो जसाच्या तसा राहतो, सही-शिक्क्यासकट. पण त्यात 'क्रिॲटिनिन' शोधा म्हटलं तर सापडेलच असं नाही, हाताने लिहिलेलं तर नाहीच. माहिती भरली तर शोधता येते, गेल्या पाच वर्षांच्या क्रिॲटिनिनचा आलेख निघतो, चुकीच्या औषधाला इशारा मिळतो. पण ती भरायची कुणी? राउंडच्या वेळी टंकन करणारा डॉक्टर रुग्णाकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघतो. शिवाय कालची नोंद उचलून आज चिकटवायचा मोह होतो. मग पाच दिवस रुग्णाचं 'पोट मऊ' असतं, आणि मधल्या दिवशी त्याचं ऑपरेशन झालेलं असतं. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६८ मध्ये मांडलं होतं की नोंद ही रुग्णाच्या प्रश्नांच्या यादीभोवती रचावी. प्रत्येक प्रश्नासमोर काय आढळलं, आपल्याला काय वाटतं आणि पुढे काय करायचं. मला अजूनही तीच पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कागदावर असो की संगणकावर.

आम्ही मधला मार्ग घेतला. प्रयोगशाळेचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड संगणकातच तयार होतं. रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सिंगचा चार्ट, भूल देतानाचा तक्ता आणि संमतीपत्रं कागदावरच राहतात आणि डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन होतात. ईसीजी मात्र काढल्याबरोबर स्कॅन. आणि पहिल्या पानावर चार ओळी ठळक दिसल्याच पाहिजेत: ॲलर्जी, दीर्घ आजार, झालेली ऑपरेशनं, चालू औषधं. पडद्यावर बाकी काही दिसलं नाही तरी चालेल.

खाडाखोडीचा मुद्दा वेगळा सांगतो. कागदावर चूक झाली की एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर लिहायचं, तारीख आणि सही. व्हाइटनर लावायचा नाही, हे आम्हाला इंटर्नशिपमध्येच शिकवलं गेलं. संगणकावरही तसंच हवं. कोणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे आणि ती रुग्णालयाच्या मालकालाही पुसता येता कामा नये. एका कंपनीने आमच्यासमोर खूबी म्हणून सांगितलं, "सर, मागच्या तारखेची एंट्रीपण करता येते, कोणाला कळत नाही." त्यांचा चहा संपेपर्यंत आम्ही सभ्यपणे बोललो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्यात संगणकीय नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जिथे नोंद गुपचूप बदलता येते, तिथे त्या प्रमाणपत्रावर सही कोण करणार?

गोपनीयतेबद्दल आपल्याकडे एकूणच ढिलाई आहे. काउंटरवरच्या मुलीला रुग्णाचं नाव, नंबर, बिल दिसायला हवं. त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट तिला दिसायचं कारण नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारकच आहे, पण कायदा नसता तरी हे सरळ आहे. कोणाला काय दिसेल हे पदाप्रमाणे ठरवता येणं ही आमची दुसरी अट होती. ती सगळ्या कंपन्यांनी मान्य केली. प्रत्यक्षात अडचण कंपनीची नसतेच. सगळा वॉर्ड एकाच पासवर्डवर चालतो आणि तो पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असतो. कारणही खरं असतं. रात्रपाळीच्या सिस्टरला दहा मिनिटांनी लॉग-आउट होणारा पडदा परवडत नाही, तिच्याकडे आठ रुग्ण असतात. म्हणून आम्ही बोटाच्या ठशाने उघडणारं यंत्र वॉर्डात लावलं. ग्लोव्ह्ज काढावे लागतात, अशी कुरकूर सुरू आहेच.

मग सर्व्हर आपल्याकडे ठेवायचा की कंपनीच्या क्लाउडवर? क्लाउडला इंटरनेट लागतं आणि आमच्या भागात रस्ता खणला की ते जातं. आपला सर्व्हर ठेवला तर तो पुन्हा पाण्याच्या पातळीच्या वर ठेवणं आलं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. देशातलं सर्वांत नावाजलेलं रुग्णालय कित्येक दिवस हाताने केस पेपर लिहीत होतं. त्यांच्यावर ती वेळ आली तर आमच्यावर येणार नाही असं मानायचं काही कारण नाही. आम्ही रोजची नोंद क्लाउडवर ठेवली. एक प्रत रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर. आणि एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवतो, कुठल्याही वायरीला न जोडलेली. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची दहा फायली उघडून बघायच्या. बॅकअप 'होतोय' असं सांगणारा हिरवा दिवा आणि बॅकअप उघडणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही सर्वांत शेवटी विचारला: तुमची कंपनी बंद पडली, किंवा आमचं तुमच्याशी पटलं नाही, तर आमचे रुग्ण आम्हाला परत कसे मिळतील? तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडता येतील अशा स्वरूपात, फोटो कुणाचा आणि रिपोर्ट कुणाचा हे कळेल अशा रीतीने. नुसतं तोंडी उत्तर नको, शंभर काल्पनिक रुग्ण भरा आणि ते बाहेर काढून द्या. एकाने सांगितलं, "सर, त्याची गरजच पडणार नाही." दुसऱ्याने शंभर पीडीएफ दिल्या, त्यांच्या नावांत फक्त आकडे. कुठली कुणाची ते उघडल्याशिवाय कळेना. तिसऱ्याने त्याचे वेगळे पैसे सांगितले, तेही आकडा न सांगता. चौथ्याने एक साधा तक्ता आणि प्रत्येक रुग्णाचं वेगळं फोल्डर दिलं. त्याचे रंगीत तक्ते सर्वांत फिके होते. आम्ही तोच घेतला आणि ही अट करारात लिहून घेतली. आमच्या सर्जन मित्राला अजून वाटतं की दुसऱ्या कंपनीचं मोबाइल ॲप जास्त चांगलं होतं. होतंच.

जुन्या गठ्ठ्यांचं काय करायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. सगळं स्कॅन करायचा खर्च परवडणारा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. दीर्घ आजारांचे रुग्ण, हृदयाचे, मूत्रपिंडाचे, ज्यांच्या शरीरात काही बसवलेलं आहे असे आणि ॲलर्जीची नोंद असलेले, एवढे आधी घेतले. बाकीचे रुग्ण जेव्हा येतील तेव्हा त्यांची जुनी फाईल त्या दिवशी स्कॅन होते. काका आता दोन मुलांना गठ्ठे वाचायला शिकवतात. स्कॅनरपेक्षा आम्हाला त्यांच्या निवृत्तीची जास्त काळजी आहे, म्हणून कुठल्या गठ्ठ्यात काय आहे हे ते सांगतात आणि एक मुलगी लिहून घेते.

वाचकांपैकी बहुतेकांना रुग्णालयाचं सॉफ्टवेअर निवडायचं नाही, पण घरची फाईल सगळ्यांकडे असते. प्लास्टिकच्या पिशवीत, तारखांचा क्रम नसलेली, किराणाच्या बिलांसकट. एकच सांगतो, घरातल्या प्रत्येकाची फाईल वेगळी करा. नवऱ्याचे आणि बायकोचे रिपोर्ट एकत्र असले की घाईच्या वेळी खरोखर गोंधळ होतो. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर. स्टेंट किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर त्यासोबत मिळालेलं कार्ड फाईलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवा, कारण एमआरआय करायची वेळ आली की पेसमेकर कुठल्या प्रकारचा आहे हे त्याच कार्डावरून कळतं. ज्या औषधाने त्रास झाला त्याचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, 'इंजेक्शन' एवढंच नको. डॉक्टर व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवा म्हणाले तर पाठवा, पण मूळ कागद टाकून देऊ नका. आणि ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते, एटीएमच्या पावतीसारखी. प्लास्टिकच्या खिशात ठेवली की काही काळाने ती फिकी पडत जाते. तिची झेरॉक्स काढा किंवा त्याच दिवशी उजेडात मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्या, वरची तारीख आणि नाव दिसेल असा.